ख्यालीखुशालीच्या पलीकडे

गेल्या महिन्याच्या टपालात पुण्याहून एका वाचक-भगिनीचे पत्र आले. चौदा माणसांचे एकत्र कुटुंब. धाकट्या दिरांचे चिरंजीव येत्या सप्टेंबरात एम. ए.च्या अभ्यासासाठी लंडनला जावयाचे. आणि त्यामुळे आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सारे घर एकाच तयारीस लागलेले. कुकर येथून न्यावा की तेथे घ्यावा, लोणच्याची बरणी नेता येते काय, गरम कपडे किती लागतात, तेथे विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, असे अकरा प्रश्न त्यांनी क्रमांक घालून विचारले आहेत. त्यांतील दहांची उत्तरे सोपी आहेत. अकरावा मात्र वाचून आम्ही पत्र खाली ठेवले. तो असा : "त्याला तिकडे इकडची काळजी लागू नये म्हणून आम्ही घरच्यांनी काय करावे?"

आम्ही स्वतः सप्टेंबर २०२२ पासून एक वर्ष लंडनमध्ये इतिहासाचे विद्यार्थी होतो. वय चोवीस, घरी दादा (आमच्या तीर्थरूपांस सारे घर ह्याच नावाने ओळखते), आई, काका-काकू, दादांची आई, थोरले बंधू, वहिनी व त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. त्या वर्षाची हकीकत सांगितली म्हणजे दहा प्रश्नांची उत्तरे ओघातच येतील. अकराव्याचे शेवटी देऊ. कारण आम्हांसही ते फार उशिरा सापडले.

प्रथम पैशाची गोष्ट. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे लंडनला शिकू इच्छिणाऱ्यास फीखेरीज दरमहा १,३३४ पौंड ह्या हिशेबाने नऊ महिन्यांचे, म्हणजे १२,००६ पौंड, सलग अठ्ठावीस दिवस बँकेत शिल्लक असल्याचे दाखवावे लागे. आरोग्यसेवेचा आगाऊ आकार विद्यार्थ्यास वर्षाला ४७० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ झाला. शिलकीची रक्कमही त्यानंतर वाढली आहे, म्हणून नवा आकडा अर्जाच्या वेळी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. हे आकडे येथे मुद्दाम दिले, कारण आमच्या घरी ह्यासाठी काकांनी मुदतीची ठेव मोडली होती व आईने ते आम्हांस विमानतळावर सांगितले. पाठीवर किती जणांचे ओझे घेऊन आपण निघालो आहो ह्याची जाणीव विद्यार्थ्यास असते. पुढे तो जे लपवितो, त्याचे मूळ पुष्कळदा ह्याच जाणिवेत असते.

१५ सप्टेंबरला आम्ही उतरलो. राणी एलिझाबेथ ८ तारखेस निवर्तल्या होत्या व त्यांचे पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये लोकांच्या दर्शनासाठी ठेविले होते. शनिवारी, १७ तारखेस, थेम्सच्या दक्षिण तीरावर आम्ही ती जगप्रसिद्ध रांग पाहिली. एका वेळी प्रतीक्षेची मुदत चोवीस तासांपर्यंत गेली होती, आणि एकंदर सुमारे अडीच लाख माणसे त्या रांगेतून गेली. इतकी माणसे असता धक्काबुक्की नाही, आरडाओरड नाही. मनगटास रंगीत पट्टी बांधलेली म्हातारी माणसे घडीच्या खुर्चीवर बसून अनोळखी शेजाऱ्याशी गप्पा मारीत आहेत. ह्या दृश्याचे रसभरित वर्णन आम्ही त्याच रात्री घरी कळविले. आजीला ते फार आवडले.

जे कळविले नाही ते असे. जाण्यापूर्वी इंटरनेटवर छायाचित्रे पाहून आम्ही एक खोली ठरविली होती व अनामत म्हणून ६०० पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे ५५,००० रुपये, पाठवून दिले होते. पत्त्यावर गेलो तो दार एका वृद्ध गृहस्थांनी उघडले. त्यांच्या घरात भाड्याची खोली नव्हतीच. "ह्या महिन्यात असे येणारे तुम्ही तिसरे," असे सांगून त्यांनी आम्हांस चहा दिला. पैसे घेणाराचा टेलिफोन त्यानंतर कधी लागला नाही. पुढील नऊ रात्री आम्ही मुंबईच्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याच्या खोलीत जमिनीवर काढल्या, आणि घरी कळविले, "खोली छान आहे. उजेड पुष्कळ येतो."

म्हणून पहिली सूचना : खोली स्वतः, अथवा विश्वासू माणसाने प्रत्यक्ष पाहिल्यावाचून एक पौंडही पाठवू नये. पहिले दोन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात अथवा ओळखीच्या घरी काढण्याची सोय आधी करावी. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याप्रमाणे सामान्य भाडेकरारात अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि घरमालकाने ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. आम्हांस हे माहीत झाले, पण पैसे गेल्यावर.

अखेर खोली मिळाली ती दक्षिण लंडनमधील टूटिंग ह्या वस्तीत. तेथे दक्षिण भारतीय व श्रीलंकेच्या तमिळ लोकांची बरीच दुकाने आहेत. तूरडाळ, पोहे, कढीलिंब, हिंग, कुकर, सारे मिळते. तेव्हा बॅगेतील जागा त्यांवर दवडू नये. लोणचे घट्ट बांधून सामानात न्यावे. मात्र तूप, खव्याची मिठाई असे दुधाचे पदार्थ भारतातून तेथे नेण्यास मनाई आहे. जाड स्वेटर एकावर एक चढविण्यापेक्षा पाणी न शिरणारा एक चांगला कोट व तसेच बूट अधिक उपयोगी पडतात, आणि ते तेथेच घ्यावेत.

आता दिनक्रम. महाविद्यालय ब्लूम्सबरीत, म्हणजे शहराच्या मध्यभागी. जाण्याचे मार्ग दोन. भुयारी रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येई. बसने सव्वा तासाहून अधिक लागे, पण भाडे जवळजवळ निम्मे. त्या वर्षी बसचे भाडे आधी १ पौंड ६५ पेन्स व मार्च २०२३ पासून १ पौंड ७५ पेन्स होते, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाच्या आत दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे भाडे पडत नसे. एलिफंट अँड कॅसलला बस बदलताना घड्याळाकडे डोळे लावून आम्ही किती वेळा धावलो ह्याची गणती नाही. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली, की नदी ओलांडताना साऱ्या शहराचे दर्शन त्याच भाड्यात होते. तो आमचा रोजचा वाचनाचाही वेळ होता. रेल्वेने जावयाचे ते फक्त उशीर झाला तर. ही भुयारी रेल्वे जगातील पहिली; १८६३ साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी ती सुरू झाली. तिच्या सरकत्या जिन्यावर उभे राहावयाचे ते उजव्या बाजूस. डावी बाजू घाईच्या माणसांची. हा नियम मोडणारास कोणी रागे भरत नाही, फक्त मागून अतिशय नम्रपणे 'सॉरी' ऐकू येते, आणि त्यानेच मेल्याहून मेल्यासारखे होते.

शिक्षणाची पद्धत आमच्या सवयीहून अगदी निराळी निघाली. आठवड्यास वर्गाचे तास सहा-सातच. बाकीचा वेळ तुमचा. पण प्रत्येक तासापूर्वी दीड-दोनशे पाने वाचून जावयाची आणि दहा-बारा जणांच्या मंडळात बसून त्यांवर बोलावयाचे. प्राध्यापकांस पहिल्या नावाने हाक मारण्याचा तेथे रिवाज आहे. आम्हांस ते तीन महिने जमले नाही. नाव टाळून आम्ही नुसते घसा खाकरून प्रश्न विचारीत असू. वाचावयास लंडन विद्यापीठाचे सेनेट हाउस. १९३७ साली पुरी झालेली ही पांढऱ्या दगडाची उंच इमारत, आणि आत लाकडी कपाटांच्या रांगांतून मिळणारी उबदार जागा. खोलीत उष्णता विकत घ्यावी लागते, ग्रंथालयात ती फुकट असते. त्यामुळे हिवाळ्यात विद्येची गोडी वाढते.

पहिला निबंध आम्ही मोठ्या हौसेने लिहिला. चौदा ग्रंथकारांची मते संगतवार मांडली. परत आला तो शेवटी बाईंच्या हातचे एकच वाक्य : "हे सारे ठीक, पण ह्यात तुम्ही कोठे आहात?" आम्हांस वाईट वाटले. मोठ्यांच्या मतांपुढे आपले मत दडवून ठेवणे ह्यास आम्ही आजवर विनय म्हणत आलो होतो.

प्रबंधाच्या कामासाठी पुढे ब्रिटिश लायब्ररीत जाऊ लागलो. सेंट पँक्रस स्थानकाशेजारच्या ह्या ग्रंथालयात वाचकास प्रवेशपत्र विनामूल्य मिळते. कोट व पिशवी खाली ठेवावी लागते. आत न्यावयाची ती पारदर्शक पिशवी, कागद व शिसपेन्सिल. शाईची लेखणी वर्ज्य. ईस्ट इंडिया कंपनी व इंडिया ऑफिस ह्यांची सारी दप्तरे तेथे आहेत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजे जात त्या काळी मुंबईहून पाठविलेल्या पत्राचे उत्तर हाती पडावयास वर्ष-दीड वर्ष लागे. 'मागील पत्रात कळविलेला प्रसंग आता निवळला आहे' अशा अर्थाचा मजकूर वाचून आम्हांस हसू येई. खिशात मोबाइल होता. घरचे माणूस पाहिजे त्या क्षणी डोळ्यांपुढे आणता येत होते. आपला काळ किती पुढे गेला, असा अभिमान वाटे.

संध्याकाळ स्वयंपाकाची. घरात सहा भाडेकरू व स्वयंपाकघर एक. पहिल्याच आठवड्यात आम्ही आमटीला मिरची-मोहरीची खमंग फोडणी दिली. स्वयंपाकघराचे दार उघडे राहिले होते. धूर बोळात गेला, धोक्याची घंटा कडाडली, आणि नियमाप्रमाणे सहाही जण रात्री नऊ वाजता रस्त्यावर येऊन उभे राहिले. त्यांत शेजारच्या खोलीतील नायजेरियन परिचारिका होत्या. रात्रपाळीपूर्वीची त्यांची झोप आम्ही मोडली होती. आम्ही पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा राहू द्या. त्या भांड्यात काय होते ते आधी सांगा. वास फार चांगला येत होता." तेव्हापासून दार बंद, खिडकी उघडी आणि आमटीची एक वाटी त्यांना, असा ठराव झाला. ह्या बाई रोज आपल्या आईशी टेलिफोनवर मोठमोठ्याने बोलत. कधी भांडत, कधी रडत, मग डोळे पुसून हसत हसत भात शिजवीत. आम्ही मनातून म्हणत असू, 'काय हा पोरकटपणा! आईला इतका घोर लावावा काय?'

गेलेले ६०० पौंड भरून काढणे हा आमचा गुप्त उद्योग होता. विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास वीस तासांपर्यंत काम करण्याची परवानगी असते. आम्ही शनिवार-रविवारी संध्याकाळी एका उपाहारगृहात भांडी घासू लागलो. त्या वर्षी कायद्याने किमान मजुरी ताशी साडेनऊ पौंड होती. घरी आम्ही आपले ताट उचलून मोरीत ठेवीत असू, आणि तेही आईने चार वेळा सांगितल्यावर. येथे एका संध्याकाळी दोनशे ताटल्या. काम जड होते. पण त्याहून जड होते ते 'घरी कळले तर काय वाटेल' हे. आमच्या मनाने ठरवून टाकले होते, की दादांना ही आपली अप्रतिष्ठा वाटेल. दादांना आम्ही विचारले नव्हते.

३० ऑक्टोबरला घड्याळे एक तास मागे गेली, व पुणे आमच्यापासून साडेचार तासांवर होते ते साडेपाच तासांवर गेले. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळे. ११ तारखेच्या रात्री बर्फ पडले. सकाळी सारी गल्ली पांढरी पाहून लहान मुलासारखा आनंद झाला; त्याची छायाचित्रेही घरी गेली. त्याच बर्फाच्या दिवसांत आमच्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर काळी बुरशी धरू लागली. आम्ही पुशीत असू, ती आठ दिवसांत पुन्हा उगवे. घरमालकास कळविले, त्याने बघतो म्हटले, आणि पाहिले नाही. खोकला जडला. रविवारी सकाळी आठला, म्हणजे घरची जेवणे आटोपल्यावर दीड वाजता, आमचे व्हिडिओवरून बोलणे होई. त्यापूर्वी आम्ही गरम पाणी पिऊन घसा मोकळा करीत असू, आणि मोबाइल अशा बेताने ठेवीत असू, की पाठीमागे पुस्तकांची फळी दिसावी, भिंत दिसू नये. "कसा आहेस?" "उत्तम. तुम्ही?" "आम्ही मजेत." दर रविवारी हेच. पंचेचाळीस मिनिटे बोलून आम्ही एकमेकांस काही सांगत नव्हतो.

रविवार, ५ मार्च २०२३. दादांच्या मागे एरवी बैठकीतील आजोबांची तसबीर व 'कालनिर्णय' दिसे. तीन आठवडे तेथे एक हिरवा पडदाच दिसत होता. विचारले तेव्हा "वरती रंग चालला आहे" असे उत्तर मिळाले होते. त्या दिवशी पुतण्या मध्येच पडद्यासमोर आला व म्हणाला, "काका, आजोबा आता जिना चढतच नाहीत. चढले की डॉक्टर रागावतात."

वहिनींनी त्याला उचलले. पण शब्द गेला तो गेला. मग आईने सांगितले. १० फेब्रुवारीच्या रात्री दादांच्या छातीत दुखू लागले, रुग्णालयात नेले, अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट बसविले. जिना नको म्हणून त्यांस तळमजल्यावर काकूंच्या खोलीत आणले होते. "तुझा निबंध द्यायचा होता," आई म्हणाली, "म्हणून नाही कळवलं."

तेवीस दिवस. दप्तरांतील ती जुनी जहाजे आम्हांस आठवली. त्यांची पत्रे वाऱ्यामुळे रखडत. आमचे पत्र प्रेमाने रखडविले होते.

आम्ही संतापलो. "मी ह्या घरातला नाही का?" असे म्हणालो, आणि आणखी बरेच म्हणालो. दादांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "रागाव. तो तुझा हक्क आहे. पण एक सांग. सहा महिने झाले, तुझ्या मागे तीच पुस्तकं दिसतात. त्या खोलीला दुसरी भिंत नाही का?"

आम्ही काही न बोलता मोबाइल भिंतीकडे वळविला.

मग सारे बाहेर पडले. सहाशे पौंड, जमिनीवरच्या नऊ रात्री, खोकला, भांडी. दादा म्हणाले, "पैसे गेलेले कळले असते तर मी ओरडलो असतो. मग पाठवलेही असते. माझ्या ओरडण्याला भ्यालास आणि पाठवण्याची संधीही घेतलीस माझी." भांड्यांबद्दल ते काही म्हणणार तोच आई म्हणाली, "भांडी घासलीस त्यात लपवण्यासारखं काय आहे? मी तीस वर्षं घासते आहे." ह्यावर कोणासच काही बोलता आले नाही. आम्हांस तर नाहीच.

आमचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी चष्मा लावून ती भिंत पाहिली व विचारले, "ओले कपडे कुठे वाळवतोस?" खोलीतच, तापकावर. "पलंग भिंतीला चिकटून आहे?" होय. "खिडकी?" थंडीमुळे बंद. काका म्हणाले, "गळती नाही ही. खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. कपडे दुसरीकडे वाळव, पलंग वीतभर पुढे ओढ, आणि रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघड." तसे केले. महिन्याभरात भिंत बरीच सुधारली, आणि खोकलाही गेला. घरात जाणते माणूस असता जवळजवळ तीन महिने आम्ही एकट्यानेच ती भिंत पुशीत होतो! लपविल्याने घराची काळजी वाचली असे आम्हांस वाटत होते. खरे म्हणजे घराचे शहाणपण आम्ही स्वतःस अंतरलो होतो.

त्यानंतरचे रविवार वेगळे झाले. दादा विचारीत, "भिंत कशी आहे?" आम्ही विचारीत असू, "पायऱ्या किती?" डॉक्टरांनी हळूहळू परवानगी दिली तसतसा आकडा वाढे : चार, सात, अकरा. काळजी दोहोंकडे वाढली, हे खरे. परंतु पूर्वी ती आकारहीन होती, आता तिला पायऱ्यांचा हिशेब होता. अभ्यास बिघडेल ह्या भीतीने बातमी दाबली होती. प्रत्यक्षात आमचा उत्तम निबंध त्याच मार्चात लिहून झाला. बाईंनी पूर्वी विचारलेला प्रश्न, 'ह्यात तुम्ही कोठे आहात?', तोवर आमच्या नीट ध्यानात आला होता.

एप्रिलमध्ये एके दिवशी प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड येथील घर पाहून आलो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्या घरात राहत होते; २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन त्याचे स्मारक केले. शिष्यवृत्तीची मुदत सरली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले होते. प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना ह्यांजकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा आले, आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी मिळविली. त्या खोल्यांत उभे असता आमची बुरशी व आमचे सहाशे पौंड फार लहान वाटले. त्याचबरोबर असेही मनात आले, की परदेशच्या प्रत्येक अभ्यासिकेस इकडे एक जोड-खोली असते. येथे एक माणूस दिवा लावून वाचीत होता, तेव्हा परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत होत्या. पदवीवर नाव एकाचे येते. वर्ष मात्र साऱ्या घराने काढलेले असते.

आणखी एक गोष्ट, आणि मग अकराव्या प्रश्नाकडे वळू. उशीर झाला म्हणजे ज्या नॉर्दर्न लाइनने आम्ही जात असू, तिच्यावर एम्बँकमेंट नावाचे स्थानक लागते. गाडी व फलाट ह्यांमधील फटीपासून जपा, अशी सूचना इतर ठिकाणी नव्या आवाजात ऐकू येते. उत्तरेकडे जाणाऱ्या ह्या एका फलाटावर मात्र आवाज जुना आहे. ऑस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा तो आवाज. ते २००७ साली वारले. त्यांच्या पत्नी अधूनमधून त्या फलाटावर बसून तो आवाज ऐकत. पुढे नवी यंत्रणा आली व आवाज बंद झाला. त्या बाईंनी विनंती केली, तेव्हा २०१३ साली रेल्वेने तो ह्या फलाटावर पुन्हा सुरू केला. ही हकीकत आम्हांस त्या परिचारिका-बाईंनी सांगितली. लाखो माणसांची ने-आण करणाऱ्या यंत्राने एका बाईसाठी तीन शब्द जपून ठेविले, हे आम्हांस त्या शहराचे सर्वांत मोठे वैभव वाटते. शब्द तरी कोणते? प्रेमाचे नव्हेत, कौतुकाचे नव्हेत; पुढे धोका आहे, सांभाळ, एवढेच. आपल्या माणसाचा आवाज आपल्याला हवा असतो तो केवळ 'मजेत आहे' हे ऐकण्यासाठी नव्हे.

तेव्हा, पुण्याच्या भगिनी, आपल्या अकराव्या प्रश्नास आमचे उत्तर असे : त्याला इकडची काळजी लागू नये म्हणून काहीही करू नये. ती लागू द्यावी. काळजी हा घराच्या मालमत्तेतील त्याचा वाटा आहे. तो गेला म्हणून त्याचा वाटा काढून घेऊ नये. मात्र ती देण्याची रीत असावी. घरात आजारपण आले तर त्याच दिवशी, एकाच जबाबदार माणसाने, काय झाले, डॉक्टर काय म्हणतात, आणि त्याने तेथून काय करावयाचे, हे तीनही सांगावे. करण्यासारखे काही नसेल तर तसेच सांगावे. दुसरे, पैसे गेले, गुण कमी पडले, नोकरी हलकी करावी लागली, तर पहिल्या दिवशी ओरडा मिळेल पण दार बंद होणार नाही, असे वचन जाण्यापूर्वी सर्वांसमक्ष द्यावे. आणि हे वचन घरातील जे माणूस सर्वांत अधिक रागीट असेल त्याने द्यावे, म्हणजे त्यास किंमत येईल. तिसरे, जाण्यापूर्वीचे दोन महिने त्याला रोज आपले ताट आणि आणखी चार ताटे घासावयास लावावी. ही सूचना आमच्या मातोश्रींची आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही परतलो. दादा वरच्या बैठकीत होते. अठरा पायऱ्या चढून, मध्ये एकदा थांबून, ते स्वतः वर गेले होते, असे पुतण्याने दारातच आम्हांस सांगितले. आमच्या घरात खरी बातमी अजूनही त्याच्याकडूनच सर्वांत आधी कळते.

आपले चिरंजीव पोहोचले व खोली मिळाली, म्हणजे आम्हांस अवश्य कळवावे. खोलीच्या चारही भिंती पाहिल्या की नाही, तेही त्याच पत्रात लिहावे.